हवेच्या बाजारात काटा कुणाचा?

खानदेशातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालक मंडळांना खुलं पत्र

रामराम मंडळी,

मी चोपडा तालुक्यातला कापूस पिकवणारा. जमीन सात एकर, विहीर एक, आणि ती वैशाखात तळ दाखवते. पण हे पत्र शेतकरी म्हणून कमी आणि मुनीम म्हणून जास्त लिहितोय. बावीस वर्षं मी एका जिनिंगच्या काट्यावर बसलो. तुमच्यापैकी काहींच्या वडिलांच्या बैलगाड्या आणि पुढे ट्रॅक्टर मी तोललेत. त्यांच्या घरच्या जुन्या काटापट्ट्यांवरचं अक्षर माझं असेल. त्या ओळखीवर चार शब्द कडक गेले तर पोटात घाला.

होळीनंतर आमच्या कंपनीच्या गोदामात सभासदांची बैठक झाली. शहरातून दोन तरुण आले होते. गोड बोलणारे, तयारी करून आलेले. एकाने लॅपटॉपवर आमच्या शिवाराचा उपग्रहातून काढलेला फोटो दाखवला. प्रत्येकाचा बांध त्यात ओळखू येत होता, आणि माणसं कौतुकाने आपापली विहीर शोधत बसली. सांगणं असं होतं की बांधावर झाडं लावा, पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं) पेटवू नका, ती आम्हाला द्या, आम्ही तिचा कोळसा करून परत जमिनीत घालू, नांगरट कमी करा. या सगळ्यातून हवेतला कार्बन जमिनीत मुरतो, त्याची क्रेडिट तयार होतात, परदेशातल्या कंपन्या ती विकत घेतात आणि पैसे तुमच्या खात्यात येतात. करार अडतीस पानांचा, सगळा इंग्रजीत. सही सभासदांची नको, संचालकांची पुरे.

आमच्या गल्लीतले नाना पुढे बसले होते. त्यांच्या बांधावर आजोबांच्या वेळचे अकरा निंब आहेत. त्यांनी विचारलं, माझ्या निंबांचे किती? तो पोरगा म्हणाला, काका, ती आधीपासूनच आहेत, त्यांचं काही धरता येणार नाही, मोकळा बांध असेल तर नवीन लावलेल्यांचे मिळतील. नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मंग शेतस ती झाडे तोडीसन नवी लावानी का?" सगळे हसले. तो पोरगाही हसला. पण नाही म्हणाला नाही, हे मी बघितलं.

त्या दिवसापासून मी वाचत बसलोय. नातू मोबाइलवर शोधून देतो, अर्थ लावून सांगतो, मी वहीत टिपतो. त्या वहीतलं तुम्हाला सांगायचंय.

आधी माल कोणता ते समजून घेऊ. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, हवेत गेला नाही किंवा हवेतून ओढून घेतला असा दाखला. हा दाखला घेणारा ठेवून देत नाही. तो आपल्या धुराच्या खात्यातून तेवढा टन वजा करतो आणि धूर चालू ठेवतो. म्हणजे आपण विकतो ती हवा नव्हे, विकतो ती दुसऱ्याला धूर करत राहायची मुभा. टन किती मोठा हे कळायला आपल्याकडे चांगलं माप आहे. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात 500 मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. दोन्ही संच पूर्ण भाराने चालले तर ढोबळमानाने तासाला नऊशे-हजार टन. आमच्या कंपनीचे तीनशे सभासद. प्रत्येकाने वर्षाला एक टन मुरवला असं धरलं, तरी सगळ्या गावाची वर्षाची कमाई दीपनगरच्या वीस मिनिटांत फिटते. दीपनगर आपली क्रेडिट घेणार आहे असं मी म्हणत नाही. फक्त तराजूच्या दोन पारड्यांत काय आहे ते दाखवतोय.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. काट्यावर बसलेल्या माणसाला एक गोष्ट पहिल्या हंगामात कळते. कापूस विकणाऱ्याला वजन जास्त भरलेलं हवं असतं, घेणाऱ्याला कमी. शेतकरी रात्री गाडीवर पाणी शिंपडून आणतो, व्यापारी ओलाव्याच्या नावाने घट लावतो. आठ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, भावात कापते, बाराच्या वर माल घेतच नाही. दोघंही आपापल्या बाजूने लबाडी करतात, मीही दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या आहेत. पण त्या ओढाताणीतूनच वजन खरं राहतं. शेतकऱ्याचा डोळा काट्यावर, मालकाचा डोळा काट्यावर, मधे मी. शंका आली तर गाडी धर्मकाट्यावर नेता येते. बाजार समितीत मापाडी असतो, त्याला परवाना समितीचा, व्यापाऱ्याचा नाही.

कार्बनच्या बाजारात ही ओढाताणच नाही. विकणाऱ्याला टन जास्त दाखवायचे आहेत, कारण पैसे जास्त. मधल्या कंपनीला जास्त हवेत, कारण तिचा वाटा त्यावर. आणि घेणाऱ्यालाही जास्तच हवेत! कारण त्याला कापूस घरी न्यायचा नाही, कागदावर वजाबाकी करायची आहे. टन खरा असो की पोकळ, वजाबाकी सारखीच होते. तपासणारी संस्था असते, पण तिला नेमते आणि पैसे देते प्रकल्पवाली कंपनीच. माझ्या बावीस वर्षांत असा सौदा मी पाहिला नाही, ज्यात गाडी हलकी भरली तर रडणारा माणूस आवारात एकही नाही. जो रडेल तो आवाराबाहेर आहे. तापलेल्या उन्हात ज्याची केळी करपतात तो.

हे माझं तर्कट आहे असं वाटेल, म्हणून पुढचं.

2016 मध्ये जर्मनीतल्या ओको इन्स्टिट्यूटने युरोपियन कमिशनसाठी क्योटो या जुन्या हवामान कराराच्या क्रेडिट योजनेतल्या प्रकल्पांची तपासणी केली. तपासलेल्यांपैकी 85 टक्के प्रकल्पांत क्रेडिटमागे खरी घट असण्याची शक्यता कमी निघाली. शक्यता चांगली, असे फक्त 2 टक्के. जानेवारी 2023 मध्ये ब्रिटनचं गार्डियन आणि जर्मनीचं दि त्साइट यांनी मिळून व्हेरा या संस्थेने प्रमाणित केलेल्या वर्षावनांच्या क्रेडिटचा शोध घेतला आणि त्यातली 90 टक्क्यांहून जास्त बहुधा पोकळ असल्याचं छापलं. व्हेराने ते मान्य केलं नाही. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सायन्स या नियतकालिकात शास्त्रज्ञांचा अभ्यास आला. जंगलतोड वाचवण्याच्या 18 प्रकल्पांत 8 कोटी 90 लाख क्रेडिट अपेक्षित होती, त्यातली जेमतेम 54 लाख खऱ्या घटीला धरून होती. शंभरात सहा. कापसाच्या गाडीत शंभर किलोला सहा किलो कापूस आणि बाकी पाणी असं कुणी आणलं असतं, तर आम्ही त्याला फाटकातून आत घेतलं नसतं.

हे होतं कसं? नानांच्या प्रश्नातच ते आहे. क्रेडिट मोजायचं तर "हा प्रकल्प नसता तर काय झालं असतं" हे आधी ठरवावं लागतं. जे झालंच नाही त्याचं वजन. मग प्रत्येक जण सांगतो की आम्ही नसतो तर हे जंगल सगळं तुटणारच होतं. जितकं भीतीदायक चित्र, तितकी क्रेडिट जास्त. न तुटलेल्या जंगलाचं न झालेलं नुकसान मोजायला धर्मकाटा कुठून आणणार?

चुलींचं प्रकरण तर आपल्या माजघरातलं आहे. कमी सरपण लागणाऱ्या सुधारित चुली वाटायच्या, आणि वाचलेल्या लाकडाची क्रेडिट विकायची, असे प्रकल्प आशिया-आफ्रिकेत खूप झाले. जानेवारी 2024 मध्ये नेचर सस्टेनेबिलिटीत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांनी सरासरी नऊ पटींहून जास्त क्रेडिट घेतली. कारणं वाचून मला नवल वाटलं नाही. बाईला विचारलं, नवी चूल वापरता का? ती म्हणते, हो वापरते. जुनी चूल पडवीत पेटलेलीच असते, ते कुणी बघत नाही. आमच्या घरी दहा वर्षं गॅस आहे. चहा गॅसवर, भाजी गॅसवर, आणि कळण्याची भाकर चुलीवर, कारण ती गॅसवर नीट भाजत नाही असं आमच्या घरात आजही ठाम मत आहे. आता माझी बायको किती टन वाचवते ते लिहा बघू वहीत.

कुणी म्हणेल ह्या आफ्रिकेच्या, ब्राझीलच्या गोष्टी. मग साक्रीला चला.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलच्या पठारावर, दोन हजारच्या दशकात पवनचक्क्यांचं रान उभं राहिलं. वनजमिनी त्यासाठी गेल्या. त्या जमिनी कसणाऱ्या आदिवासींनी मोर्चे काढले, ते तिकडच्या माणसांना आजही आठवतं. पवनचक्क्या वाईट असं माझं म्हणणं नाही, वारा फुकट आहे आणि कोळसा जळत नाही. पण धुळ्यातल्या अनेक पवनचक्क्या क्योटो कराराच्या त्याच योजनेत (नाव स्वच्छ विकास यंत्रणा) नोंदवल्या गेल्या आणि त्यांच्यावर क्रेडिट मिळाली. अट एकच होती की क्रेडिटच्या पैशाशिवाय हा प्रकल्प उभा राहिलाच नसता असं दाखवायचं. आता त्या काळात पवनचक्कीत पैसे घालणाऱ्याला पहिल्याच वर्षी 80 टक्के घसारा करातून वजा करायची सवलत होती. मोठमोठ्या कारखानदारांनी, काही नटांनीही पवनचक्क्या घेतल्या त्या करासाठी. तरीही कागदावर लिहिलं गेलं की क्रेडिट नसतं तर परवडलं नसतं. पुढे चौघा अर्थतज्ज्ञांनी भारतातल्याच अशा पवनचक्क्यांचा हिशेब मांडला. निदान 52 टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांना गेली होती, जे बहुधा तसेही उभे राहिलेच असते. त्या क्रेडिटच्या जोरावर युरोपात जो धूर निघाला, तो मात्र खरा होता. त्याला कुणी बहुधा म्हणत नाही.

आणखी एक किस्सा सांगतो, कारण तो जिनवाल्याला चटकन कळेल. शीतकरणाचा एक वायू आहे, एचसीएफसी-22. तो बनवताना एचएफसी-23 नावाचा टाकाऊ वायू निघतो. हा कार्बन डायऑक्साइडच्या 11,700 पट तापवणारा, असा तेव्हाचा हिशेब. म्हणजे त्याचा एक टन जाळला की 11,700 क्रेडिट. जाळायला खर्च किरकोळ. चीनमधल्या आणि भारतातल्या मोजक्या कारखान्यांनी यावर अमाप कमावलं. काही ठिकाणी टाकाऊ वायू जास्त मिळावा म्हणून मूळ वायूचं उत्पादनच वाढवल्याचं दिसून आलं. सरकीतला कचरा जाळायचे रुईपेक्षा जास्त पैसे मिळायला लागले, तर जिन कशासाठी चालेल ते तुम्हीच सांगा. शेवटी मे 2013 पासून युरोपने या क्रेडिटना दार बंद केलं. तोवर ती वापरून झालेली होती.

भावाचंही ऐकून ठेवा. 2008 च्या सुमाराला या क्योटोच्या क्रेडिटला वीस युरोच्या आसपास भाव होता. 2012 संपता संपता तो एका युरोच्याही खाली आला. आपण कापसाच्या भावाला रडतो, पण कापूस कधी वीस रुपयांचा एक रुपया झाला नाही. आणि कापूस पडला तर पुढच्या वर्षी तूर लावता येते. इथे करार वीस, तीस, चाळीस वर्षांचा असतो.

त्या मुदतीवर मी अडून बसलोय. आमच्या अडतीस पानांत ती तीस वर्षं आहे. आज पंचेचाळिशीत असलेला सभासद करार संपेल तेव्हा पंचाहत्तरीचा होईल. मधे वाटण्या होतील, पोरगी लग्नाला येईल, विहीर आटेल, कुणी जमीन विकेल, कुणाला बांधावरचं झाड शेजाऱ्याशी झालेल्या भांडणात तोडावं लागेल. झाड गेलं तर काय? त्या पोरांनी सांगितलं, त्यासाठी राखीव साठा असतो, थोडी क्रेडिट बाजूला ठेवतात. बरं वाटलं. मग वाचलं की अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या योजनेत जंगलांच्या आगीसाठी शंभर वर्षं पुरेल म्हणून असाच साठा ठेवला होता, आणि 2022 च्या एका अभ्यासाप्रमाणे दहा वर्षांच्या आतच वणव्यांनी तो जवळजवळ सगळा खाल्ला. दर उन्हाळ्यात सातपुड्याच्या अंगावर रात्री वणव्याच्या लाल माळा दिसतात, त्या आपण अंगणातल्या खाटेवरून बघतो. रावेर-यावलच्या भाऊबंदांना मी वादळाचं काय सांगू? अर्ध्या तासात उभी केळी आडवी होते. कोळशाचा धूर हवेत शेकडो वर्षं टिकतो. त्याच्या बदल्यात आपण देतोय ते बाभळीचं, शेवग्याचं झाड. हा सौदा लोखंड घेऊन बर्फ देण्यासारखा आहे, फक्त बर्फ आपल्या माथ्यावर ठेवलाय आणि वितळला तर भरून द्यायचं कुणी हे करारातल्या बाविसाव्या पानावर आहे. ते पान मराठीत करून वाचा.

पऱ्हाटीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. तिचा कोळसा करून जमिनीत घालणं, ज्याला ते बायोचार म्हणतात, ही वाईट गोष्ट नाही. आपल्या जमिनीतला कर्ब खाली गेलाय, हे माती परीक्षणाचा कागद दर वर्षी सांगतो. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी शेतात ठेवू नका असं कृषी खातंही ओरडून सांगतं, म्हणून बरेच जण बांधावर पेटवून मोकळे होतात. तेव्हा तिचा उपयोग होत असेल तर होऊ द्या. पण त्यांच्या कागदात पऱ्हाटीला "शेतीतला कचरा" म्हटलंय. कुणाचा कचरा? कपाशी निघाली की शेतमजुरांच्या बायका पऱ्हाटी उपटायला येतात आणि मोळ्या बांधून घरी नेतात. तीच त्यांची वर्षाची चूल. सिलिंडर भरायला पैसे नसतात तेव्हा पऱ्हाटी असते. कुडाच्या भिंतीत ती असते, कुंपणात असते. उद्या ट्रक येऊन सगळी पऱ्हाटी घेऊन गेला, तर ती बाई सरपणाला कुठे जाईल? जंगलाकडे. मग तिथलं लाकूड तुटेल, आणि ते कुणाच्याच क्रेडिटमधून वजा होणार नाही, कारण ती बाई कराराच्या नकाशात नाही. ती सभासदही नाही. तिच्याकडे सात-बाराच नाही.

थोडं सातपुड्याकडे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं नाव तुम्ही ऐकलंय. नव्वदच्या दशकापासून त्या पाड्याने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी करून उघडा डोंगर परत हिरवा केला, तिथे वनभाज्यांचा महोत्सव भरतो, आणि चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कार्बनच्या नियमाने बघायला गेलं तर हे राखलेलं जंगल नानांच्या निंबांसारखंच. आधीच राखलंय, धोका नाही, म्हणून अधिकचं काही नाही. राखणाऱ्याला शून्य, आणि तोडायची भीती दाखवणाऱ्याला पैसे. असला उलटा न्याय कोणत्या पंचायतीने दिला असता?

केंद्राने ऑक्टोबर 2023 मध्ये ग्रीन क्रेडिटचे नियम आणले. पहिल्या पद्धतीत अवनत, म्हणजे झाडोरा विरळ झालेल्या, वनजमिनीवर हेक्टरी किमान 1,100 झाडं लावायची आणि झाडागणिक एक क्रेडिट. पुढे 2025 मध्ये झाडं पाच वर्षं टिकायची आणि 40 टक्के जमिनीवर त्यांचं छत यायची अट घातली, ही सुधारणाच म्हणायची. पण अवनत म्हणजे मोकळी, असं समजणारा माणूस धुळ्या-नंदुरबारच्या माळावर उन्हात फिरलेला नाही. तिथे ठेलारींच्या मेंढ्या चरतात. तिथे वनहक्काचे दावे पडून आहेत. धडगाव-अक्कलकुव्यातली 33 गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली तेव्हा "बदली जमीन" या शब्दाचा अर्थ तिकडच्या लोकांनी चांगलाच शिकून घेतलाय. तुमच्यातल्या ज्यांच्या कंपन्या त्या भागात आहेत, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ग्रामसभेला डावलून कंपनीचा ठराव तिथे चालणार नाही.

सरकारच्या कार्बन बाजाराबद्दलही लोक विचारतात. 2022 मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त झाला, जून 2023 मध्ये योजनेची अधिसूचना निघाली, आणि त्याच डिसेंबरात तिच्यात स्वेच्छेच्या क्रेडिटलाही जागा केली. सिमेंट, पोलाद, अॅल्युमिनियम, कापड वगैरे नऊ उद्योग त्यात लक्ष्यं देण्यासाठी निवडलेत. हे निदान सक्तीचं आहे, म्हणून बांधावरच्या झाडांपेक्षा मी त्याला बरं म्हणेन. पण लक्ष्य टनामागे धूर किती याचं आहे, एकूण धूर किती याचं नाही. कारखाना दुप्पट झाला तरी टनामागचा आकडा उतरला की पास. आणि त्या नऊंत औष्णिक वीज नाही. सगळ्यात मोठी गाडी काट्यावर आलेलीच नाही.

आणखी एक मुनिमी शंका. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतकऱ्यांना कार्बन बाजारात आणायचा आराखडा जाहीर केला. दुसरीकडे देशाने जगाला वचन दिलंय की 2030 पर्यंत झाडांमधून अडीच ते तीन अब्ज टन जादा कार्बन डायऑक्साइड शोषू. मग माझ्या बांधावरच्या सागाचा टन देशाच्या खात्यात, की तो विकत घेणाऱ्या परदेशी विमान कंपनीच्या? पॅरिस करारात यासाठी नियम आहे, विकणाऱ्या देशाने आपल्या खात्यातून तो वजा करायचा. पण स्वेच्छेच्या बाजारात ते सरसकट होत नाही. एकाच गाडीची दोन जिनांत पावती फाडणं याला आमच्याकडे एक शब्द होता, तो पत्रात लिहिण्यासारखा नाही.

आता तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. "आप्पा, सगळं खरं, पण पोरांच्या फीला पैसे लागताय. कापसाला भाव नाही. कुणी चार पैसे देत असेल तर नको कशाला म्हणायचं?" हा प्रश्न मला हलका वाटत नाही. मी स्वतः हिशेब मांडला. समजा एकरी एक टन, समजा टनाला आठशे रुपये. त्यातून मोजणीचा खर्च, तपासणीचा, नोंदणीचा, कंपनीचा वाटा. करारात लिहिलंय "खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या साठ टक्के". मंडळी, "खर्च वजा जाता" हे शब्द मी बावीस वर्षं लिहिलेत. घट, हमाली, तोलाई, सगळं त्यांत मावतं. खर्च किती याला वरची मर्यादा त्या अडतीस पानांत मला सापडली नाही. झाड लावा, पैसे मिळोत न मिळोत. पऱ्हाटीचा कोळसा करून आपल्याच शेतात घाला, कृषी विद्यापीठाच्या माणसाला बोलवा, मी पहिला येईन. त्यासाठी कुणाचा धूर आपल्या सात-बाऱ्यावर चढवायची गरज नाही. आणि ज्या देशांनी दोनशे वर्षं कोळसा जाळला त्यांना शेतकऱ्याला पैसे द्यायचेच असतील, तर सरळ मदत म्हणून द्यावेत, त्याबदल्यात पावती मागू नये.

म्हणून संचालक मंडळांकडे माझं मागणं आहे. सही थांबवा. कराराचं शब्दन् शब्द मराठी करून वार्षिक सर्वसाधारण सभेत वाचा, आणि वाचायला कंपनीचा माणूस नको, आपल्यातला कुणी बसवा. त्या दोघांना सभेत उभं करून विचारा की तपासणीवाल्याला पैसे कोण देतं, झाड जळालं तर कुणाच्या डोक्यावर, मधेच बाहेर पडायचं तर काय भरावं लागेल, आणि आपली क्रेडिट शेवटी कोण घेणार त्याचं नाव काय. नाव सांगता येत नसेल तर चर्चा तिथेच संपवा. ज्याच्या गोदामात माल जाणार ते ठाऊक नसताना मी कधी गाडी खाली करून घेतली नाही. आणि त्या सभेला शेतमजुरांच्या बायकांना बोलवा, पऱ्हाटीचा विषय त्यांच्यासमोरच काढा.

आमच्या कंपनीची सभा अखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) आठवड्यात आहे. मी येतोय, वही घेऊन. इतर तालुक्यांतल्या कुणाला या नोंदी हव्या असतील तर झेरॉक्स काढून देतो, झेरॉक्सचे पैसे तुमचे.

आपला,
एक जुना काटा-मुनीम
चोपडा तालुका, जि. जळगाव

ता. क. नानांचे अकरा निंब अजून उभे आहेत. पण परवा पारावर भेटले तेव्हा विचारत होते की ते उपग्रहाचे फोटो साधारण कोणत्या महिन्यात काढतात.